परदेशातील निवासवृत्ती आणि कलावंताचे रुळणे : केडगावच्या संदर्भातून एक विवेचन

सारांश : परदेशातील संस्थेच्या निमंत्रणावरून ठरावीक काळ तेथे राहून कलानिर्मिती करण्याची संधी आज ग्रामीण महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांपर्यंतही पोहोचू लागली आहे. मात्र अशा मुक्कामात कलावंत रुळतो कसा, या प्रश्नाकडे आपल्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. प्रस्तुत लेखात या संकल्पनेचा परिचय करून दिला असून पंडिता रमाबाई, वासुदेव गायतोंडे, तय्यब मेहता आणि दिलीप चित्रे यांच्या परदेशातील वास्तव्याच्या आधारे रुळण्याच्या प्रक्रियेचे विवेचन केले आहे. शिरूर व दौंड तालुक्यांतील महाविद्यालयीन अध्यापकांना उपयुक्त ठरतील अशा काही व्यावहारिक बाबींचाही शेवटी विचार केला आहे.

बीजशब्द : निवासवृत्ती, सांस्कृतिक आघात, यजमान-पाहुणा संबंध, पंडिता रमाबाई, केडगाव.

प्रस्तावना

काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांसह केडगावच्या मुक्ती मिशनला क्षेत्रभेट देण्याचा योग आला. शिरूरहून न्हावरेमार्गे भीमा ओलांडली की दौंड तालुका सुरू होतो आणि उसाच्या फडांमधून जाणारा रस्ता चौफुला-केडगावला पोहोचतो. पंडिता रमाबाईंनी केलेली स्त्रियांच्या शिक्षणाची सोय, दुष्काळात आश्रय दिलेल्या मुली, छापखाना, बायबलचे मराठी भाषांतर असा सर्व तपशील सांगून झाल्यावर, त्या 1883 मध्ये इंग्लंडला आणि तेथून अमेरिकेला गेल्या होत्या, असा उल्लेख ओघात आला. तेव्हा मागे उभ्या असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारले, "पण मॅडम, त्या तिथे जेवत काय होत्या?" इतर मुली हसल्या. प्रस्तुत लेखिकेला मात्र त्या वेळी समाधानकारक उत्तर देता आले नाही.

पुढे रमाबाईंचा पत्रव्यवहार वाचताना लक्षात आले, की प्रश्न मुळीच हसण्यासारखा नव्हता. परदेशी गेलेल्या माणसाच्या कर्तृत्वाची नोंद आपण ठेवतो, परंतु तो तेथे काय जेवला, कोणाच्या छताखाली राहिला, कोणाच्या पैशावर राहिला आणि त्या पैशाबरोबर कोणत्या अटी आल्या, याची नोंद ठेवत नाही. वास्तविक त्याच्या कामाचे स्वरूप बऱ्याच अंशी याच गोष्टींवर ठरते. कलावंतांच्या परदेशी निवासाचा विचार करताना हाच प्रश्न केंद्रस्थानी ठेवणे उचित ठरेल.

संकल्पना आणि परंपरा

इंग्रजीत ज्याला 'आर्टिस्ट रेसिडेन्सी' म्हणतात, त्याला मराठीत सर्वमान्य असा प्रतिशब्द अद्याप रूढ झालेला नाही. निवास आणि वृत्ती (म्हणजे निर्वाहाची तरतूद) हे दोन्ही घटक त्यात अंतर्भूत असल्याने या लेखात 'निवासवृत्ती' हा शब्द सोयीसाठी योजला आहे. चित्रकार, लेखक, नाटककार, संगीतकार वा अनुवादक यांना काही आठवड्यांपासून एक-दोन वर्षांपर्यंत राहण्यास जागा, काम करण्यास खोली वा कार्यशाळा आणि शक्य असल्यास खर्चासाठी रक्कम देणे, असे तिचे सर्वसाधारण स्वरूप असते. शिष्यवृत्तीत अभ्यासक्रम असतो, परीक्षा असते, पदवी असते. निवासवृत्तीत यांपैकी काहीच नसते. असतो तो मोकळा वेळ. तिचे आकर्षण या वेळेत आहे आणि तिची अडचणही त्यातच आहे.

ही परंपरा युरोपात जुनी आहे. फ्रान्सच्या राजसत्तेने 1666 मध्ये रोम येथे अकादमी स्थापन करून निवडक तरुण कलावंतांना तेथे पाठविण्याची व्यवस्था केली. 1803 पासून ही अकादमी व्हिला मेदिची या वास्तूत आहे. अमेरिकेत संगीतकार एडवर्ड मॅकडॉवेल व त्यांच्या पत्नी मॅरियन यांच्या पुढाकाराने न्यू हॅम्पशायरमधील पीटरबरो येथे 1907 मध्ये कलावंतांची वसाहत सुरू झाली. तेथे दुपारचे जेवण टोपलीत घालून कलावंताच्या कुटीच्या दाराशी, त्याच्या कामात व्यत्यय न आणता, मुकाट्याने ठेवून जाण्याची पद्धत पडली. शेतावर औत धरलेल्या माणसाची न्याहारी बांधावर ठेवून परतणाऱ्या घरच्या माणसाची येथे आठवण व्हावी. न्यूयॉर्क राज्यातील याडो ही संस्था 1926 पासून कलावंतांना निवास देऊ लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर या परंपरेला आंतरराष्ट्रीय राजकारणाचीही जोड मिळाली. विभागलेल्या बर्लिनच्या पश्चिम भागात 1963 मध्ये परदेशी कलावंतांना निमंत्रित करण्याची योजना फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने सुरू झाली, आणि आशियाई कलावंतांना अमेरिकेत काही काळ राहता यावे यासाठी तिसरे जॉन डी. रॉकफेलर यांच्या निधीतून वृत्ती दिल्या जाऊ लागल्या. भारतात 1997 मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या 'खोज'सारख्या संस्थांनी ही कल्पना रुजविली.

तथापि, कलावंताला छप्पर देऊन त्याच्याकडून कलेची अपेक्षा करणे ही गोष्ट आपल्या परिसराला अनोळखी नाही. केडगावपासून हाकेच्या अंतरावर असलेले चौफुला हे गाव संगीत बारीच्या कला केंद्रांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील थिएटरांत निरनिराळ्या पार्ट्या करारावर मुक्कामी असतात. राहण्याच्या खोल्या आणि बैठकीची जागा मालकाची, कला पार्टीची आणि उत्पन्नात दोघांचा ठरलेला वाटा, अशी ही व्यवस्था आहे. तिला कोणी निवासवृत्ती म्हणणार नाही, कारण येथे मोकळा वेळ नसून रोजच्या कमाईची निकड आहे. तरीही जागा ज्याची त्याचे काही नियम असतातच, हे सत्य चौफुल्याच्या थिएटरातील नर्तकीला जितके ठाऊक असते तितके बर्लिनला निघालेल्या आपल्या पदवीधराला ठाऊक नसते, असे म्हणावे लागेल.

पंडिता रमाबाईंचे परदेशातील वास्तव्य (1883–1889)

रमाबाईंना रूढ अर्थाने निवासवृत्ती मिळाली नव्हती. त्या वैद्यकीय शिक्षणाच्या उद्देशाने इंग्लंडला गेल्या आणि श्रवणदोषामुळे तो हेतू त्यांना सोडून द्यावा लागला. परंतु यजमान संस्थेच्या छताखाली राहणे, आपल्या विद्येच्या बदल्यात निर्वाह साधणे आणि त्या काळात लेखन सिद्ध करणे, हे निवासवृत्तीचे तीनही घटक त्यांच्या वास्तव्यात स्पष्ट दिसतात. म्हणून या विषयाचा आपल्या परिसरातील सर्वांत जवळचा पूर्वसंदर्भ म्हणून त्यांच्याकडे पाहता येते.

1882 मध्ये पतीच्या निधनानंतर रमाबाई पुण्यास आल्या. आर्य महिला समाजाची स्थापना आणि 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक ही त्याच वर्षातली कामे. या पुस्तकाच्या उत्पन्नातून प्रवासखर्च उभा करून 1883 मध्ये त्या लहानगी मनोरमा आणि सहकारी आनंदीबाई भगत यांच्यासह इंग्लंडला गेल्या. वॉन्टेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या भगिनीसंघाने त्यांना आश्रय दिला. आपण कोणाच्या उपकाराखाली राहू नये यासाठी, भारतात जाऊ इच्छिणाऱ्या भगिनींना त्यांनी मराठी शिकवावे आणि त्या मोबदल्यात राहावे व इंग्रजी शिकावे, अशी व्यवस्था झाली. यजमानाशी पहिल्याच दिवसापासून देवाणघेवाणीचे नाते ठेवण्याची ही दक्षता लक्षणीय आहे.

पुढील घटना मात्र सोप्या नव्हत्या. वॉन्टेजला पोहोचल्यानंतर काही महिन्यांतच आनंदीबाई भगत यांनी आत्महत्या केली. ज्या तिघी एका बोटीतून आल्या, त्यांतील एक परतली नाही, ही गोष्ट रमाबाईंच्या चरित्रात बहुधा एका वाक्यात उरकली जाते. रुळण्याच्या प्रक्रियेत काय पणाला लागलेले असते, हे त्या एका वाक्यातूनही कळते. त्याच वर्षी 29 सप्टेंबर रोजी रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला.

धर्मांतरामुळे रमाबाई यजमानांशी एकरूप झाल्या असतील, असा समज होणे स्वाभाविक आहे. पत्रव्यवहार याच्या अगदी उलट चित्र दाखवितो. त्यांनी शाकाहार सोडला नाही. अंडे घातलेले पुडिंगही त्या नाकारीत, आणि ही गोष्ट त्यांच्या धार्मिक पालक सिस्टर जेराल्डिन यांना जातीच्या अभिमानाचे लक्षण वाटे. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे असावीत, यालाही त्यांनी हरकत घेतली. जी भाषा आपली नाही आणि आपल्या देशबांधवांनाही कळत नाही, तिच्यापेक्षा संस्कृत शब्द का नकोत, असा त्यांचा आशय होता. 1884 मध्ये त्या चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात गेल्या. प्राचार्या डोरोथिया बील यांच्या देखरेखीखाली स्वतः शिकत असतानाच त्या तेथे संस्कृत शिकवू लागल्या. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे असा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा भारतातील बिशपांच्या सल्ल्यावरून त्याला विरोध झाला. भारतात परतल्यावर त्यांच्या प्रतिष्ठेला बाध येईल, असे कारण देण्यात आले. ज्या स्त्रीने देशभर पुरुषांच्या सभांमध्ये व्याख्याने दिली होती, तिला हे कारण पटणे शक्य नव्हते. आपल्या विवेकाचे स्वातंत्र्य आपण कोणाच्याही स्वाधीन केलेले नाही, ही भूमिका त्यांनी पत्रांतून ठामपणे मांडली.

येथे दोन्ही बाजूंचा विचार करणे आवश्यक आहे. वॉन्टेजच्या भगिनी दुष्ट नव्हत्या. त्यांनी निराधार माय-लेकींना घर दिले, मनोरमेचा सांभाळ केला. परंतु दिलेल्या आश्रयाबरोबर मार्गदर्शनाचा हक्कही आपल्याकडे येतो, असे त्यांनी गृहीत धरले होते. रमाबाईंनी आश्रय कृतज्ञतेने स्वीकारला. ते गृहीत मात्र स्वीकारले नाही. त्यांचा सर्व पत्रव्यवहार या एका भेदावर उभा आहे.

1886 च्या प्रारंभी त्या अमेरिकेस गेल्या. निमित्त होते आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाचे. हा समारंभ 11 मार्च 1886 रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयात झाला. थोड्या मुक्कामासाठी आलेल्या रमाबाई तेथे दीर्घकाळ राहिल्या. अधिष्ठाता डॉ. रेचल बॉडली यांच्या प्रस्तावनेसह 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हे त्यांचे इंग्रजी पुस्तक 1887 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला, गावोगावी व्याख्याने दिली आणि डिसेंबर 1887 मध्ये बोस्टन येथे रमाबाई असोसिएशनची स्थापना झाली. भारतातील नियोजित शाळेला 10 वर्षे साहाय्य देण्याचे या संस्थेने मान्य केले आणि शाळा धार्मिकदृष्ट्या तटस्थ राहील, असेही ठरले. इंग्लंडमध्ये अटी अध्याहृत होत्या, त्यामुळे तेथे प्रत्येक पावलावर संघर्ष झाला. अमेरिकेत त्या आधी बोलल्या व लिहिल्या गेल्या, आणि 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन सुरू होऊ शकले. अर्थात लिखित अटींनीही सर्व वाद टळत नाहीत. धर्मतटस्थतेच्या याच मुद्द्यावरून 1893 मध्ये पुण्यात मोठे वादळ उठले, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

परतल्यावर 1889 मध्येच त्यांनी अमेरिकेतील लोकस्थिती व प्रवास यांवरील मराठी पुस्तक प्रसिद्ध केले. इंग्रजी पुस्तक अमेरिकन वाचकाला भारत समजावून सांगण्यासाठी होते. मराठी पुस्तक मराठी वाचकाला अमेरिका समजावून सांगण्यासाठी. परदेशातील वास्तव्याचा हिशेब दोन्ही भाषांत, दोन्ही बाजूंना देण्याची ही रीत आजच्या निवासवृत्तीधारकांनीही अनुसरण्यासारखी आहे.

रुळण्याचे टप्पे : सैद्धान्तिक चौकट

परक्या संस्कृतीत प्रवेश करणाऱ्या व्यक्तीच्या मनःस्थितीचा पद्धतशीर विचार विसाव्या शतकाच्या मध्यापासून सुरू झाला. नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेरे लिसगार्ड यांनी फुलब्राइट वृत्तीवर अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेजियन व्यक्तींचा अभ्यास 1955 मध्ये प्रसिद्ध केला. सहा महिन्यांपेक्षा कमी आणि अठरा महिन्यांपेक्षा अधिक काळ राहिलेल्या व्यक्ती तेथे चांगल्या रुळलेल्या आढळल्या. त्यांच्या मधल्या काळापर्यंत राहिलेल्यांना मात्र अधिक त्रास झालेला दिसला. मानवशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी 'सांस्कृतिक आघात' या संज्ञेचे विवेचन करून चार टप्पे सांगितले. आरंभीचा भारावलेपणा, नंतरचा वैताग, हळूहळू सावरणे आणि शेवटी जुळवून घेणे, असे ते टप्पे होत.

सर्वच व्यक्ती या वळणाने जातात असे नाही, हे पुढील संशोधनात दिसून आले आहे. तरीही निवासवृत्तीच्या संदर्भात या मांडणीतून एक उपयुक्त निष्कर्ष निघतो. आज पुष्कळ निवासवृत्त्या एक ते तीन महिन्यांच्या असतात. म्हणजे भारावलेपण ओसरून वैताग सुरू होण्याच्या सुमारास परतीचे तिकीट हाती असते. अशा मुक्कामात पूर्णपणे रुळणे जवळजवळ अशक्य असते आणि ते अपेक्षितही नसावे. विद्यार्थ्याला हे आधी सांगितले नाही, तर दुसऱ्या महिन्यात आलेली उदासी त्याला स्वतःचे अपयश वाटू लागते.

मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी यांची मांडणी अधिक मर्मग्राही आहे. स्वतःची संस्कृती राखणे आणि यजमान समाजाशी संबंध ठेवणे या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरून त्यांनी चार प्रकार सांगितले. दोन्ही साधणे म्हणजे एकात्मता. स्वतःचे सोडून यजमानांचे स्वीकारणे म्हणजे विलीनीकरण. स्वतःचे राखून संबंध टाळणे म्हणजे अलगता. आणि दोन्ही गमावणे म्हणजे परिघावर फेकले जाणे. रमाबाईंनी धर्म बदलला, पण आहार, भाषा आणि विवेक राखला. त्यांना विलीनीकरणाच्या रकान्यात घालता येत नाही आणि अलगतेच्याही नाही. माणूस एकाच वेळी एका बाबतीत बदलतो आणि दुसऱ्या बाबतीत बदलत नाही. म्हणूनच 'रुळणे' आणि 'विरघळणे' या दोन मराठी क्रियापदांतील फरक येथे महत्त्वाचा आहे. नवा बैल औताला रुळतो, तेव्हा तो चालायला शिकतो. बैलपण सोडत नाही.

न्यूयॉर्क आणि आयोवा : तीन उदाहरणे

नागपूर येथे 1924 मध्ये जन्मलेले आणि मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेतून 1948 मध्ये पदविका घेतलेले वासुदेव गायतोंडे 1964 मध्ये रॉकफेलर वृत्तीवर न्यूयॉर्कला गेले आणि तेथील चेल्सी हॉटेलात राहिले. अमूर्त चित्रकला त्या काळी न्यूयॉर्कमध्ये प्रतिष्ठेच्या शिखरावर होती. परंतु गायतोंडे अमूर्ताकडे न्यूयॉर्कमुळे वळले, असे म्हणता येत नाही. ते वळण त्यांनी मुंबईतच घेतले होते. तेथील वास्तव्याने त्यांना दिशा दिली नाही, तर घेतलेल्या दिशेची खात्री दिली, असे म्हणणे अधिक योग्य होईल. मितभाषी, एकान्तप्रिय आणि अत्यंत मोजकी चित्रे काढणाऱ्या या कलावंताच्या कार्याचे सिंहावलोकन करणारे प्रदर्शन 2014 मध्ये त्याच शहरातील गुगेनहाइम संग्रहालयात भरले, तेव्हा त्यांच्या निधनाला 13 वर्षे लोटली होती. निवासवृत्तीचे फलित मुक्कामाच्या शेवटी भरविलेल्या प्रदर्शनात शोधणे किती अपुरे आहे, हे यावरून लक्षात येते.

तय्यब मेहता यांचे उदाहरण याच्या उलट आहे. 1968 मध्ये याच वृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. बार्नेट न्यूमन यांची चित्रे प्रत्यक्ष पाहिल्याचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. पूर्वीचे रंगांचे जाड, खरबरीत थर मागे पडून रंगांची सपाट, विस्तीर्ण क्षेत्रे त्यांच्या चित्रांत आली आणि 1969 पासून कॅनव्हास तिरकस छेदणाऱ्या कर्णरेषेची चित्रमालिका सुरू झाली. मात्र त्या नव्या मांडणीतही त्यांचा विषय भग्न, कोसळणारी मानवाकृती हाच राहिला. तंत्र बदलले, वेदना तीच राहिली. एकच शहर, एकच वृत्ती आणि अवघ्या चार वर्षांचे अंतर, तरीही एकाला त्या वास्तव्याने स्थिर केले आणि दुसऱ्याला बदलले. कोणता परिणाम श्रेष्ठ, हा प्रश्न गैरलागू आहे.

लेखकाची स्थिती चित्रकारापेक्षा वेगळी असते, कारण त्याचे माध्यमच परक्या देशात निरुपयोगी ठरते. आयोवा विद्यापीठात कवी पॉल एंगल आणि लेखिका ह्वालिंग न्येह यांनी 1967 मध्ये आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रम सुरू केला. 1975 ते 1977 या काळात दिलीप चित्रे तेथे होते. तत्पूर्वी 1960 च्या दशकाच्या आरंभी ते इथिओपियात तीन वर्षे शिक्षक होते; त्यामुळे परदेश त्यांना नवा नव्हता. मराठी आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत लिहिणाऱ्या चित्र्यांचा 'ट्रॅव्हलिंग इन अ केज' हा इंग्रजी कवितासंग्रह 1980 मध्ये आला. पिंजऱ्यातला प्रवास हे शीर्षकच परक्या देशात वावरणाऱ्या कवीच्या स्थितीविषयी पुरेसे सांगते. दुसरीकडे, अनेक दशके चाललेल्या त्यांच्या तुकारामाच्या इंग्रजी अनुवादाचे 'सेज तुका' हे पुस्तक 1991 मध्ये प्रसिद्ध झाले. जगभर फिरलेल्या या कवीने देहूच्या वाण्याला जगाच्या भाषेत नेण्याचे काम आयुष्यभर केले. परदेशी राहिल्याने आपली भाषा सुटते, ही भीती त्यांच्या बाबतीत खोटी ठरली.

प्रत्यक्ष बस्तान : काही व्यावहारिक बाबी

निवासवृत्त्यांचा शोध घेण्यासाठी 1993 मध्ये स्थापन झालेल्या 'रेस आर्टिस' या आंतरराष्ट्रीय संघटनेची सूची उपयुक्त आहे. स्विस कला परिषद 'प्रो हेल्वेशिया'चे दिल्ली कार्यालय, पुण्यातील गोएथे इन्स्टिट्यूट (मॅक्स म्युलर भवन), फ्रेंच इन्स्टिट्यूट आणि इनलॅक्स फाउंडेशन यांच्याकडून वेळोवेळी घोषणा होतात. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. काही संस्था कलावंतास पैसे देतात, काही केवळ जागा देतात आणि काही कलावंताकडूनच शुल्क घेतात. नाव मात्र तिन्ही ठिकाणी एकच असते. निवडपत्र हाती आल्यावर विद्यार्थ्याच्या घरी पेढे वाटले जाण्यापूर्वी हा फरक त्याला सांगणे अध्यापकाचे कर्तव्य आहे. पूर्ण खर्च देणाऱ्या संस्थाही प्रवासखर्चाची रक्कम पुष्कळदा नंतर परत करतात, म्हणजे तिकिटाचे पैसे आधी कुटुंबालाच उभे करावे लागतात.

व्हिसाच्या बाबतीत एक साधा हिशेब नेहमी चुकतो. युरोपातील शेंगेन देशांत अल्पमुदतीच्या व्हिसावर कोणत्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येते, आणि आगमनाचा व निर्गमनाचा दिवसही मोजला जातो. 1 जुलै ते 30 सप्टेंबर हा 'तीन महिन्यांचा' मुक्काम प्रत्यक्षात 92 दिवसांचा होतो. अशा वेळी तारखा बदलून घ्याव्या लागतात किंवा त्या देशाच्या दीर्घमुदतीच्या व्हिसासाठी अर्ज करावा लागतो. या अल्पमुदतीच्या व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमाही अनिवार्य आहे. चित्रकारांनी हेही लक्षात ठेवावे, की टर्पेंटाइनसारखे ज्वालाग्राही द्रव विमानातून नेता येत नाहीत. ते तेथेच विकत घेण्याची तरतूद अर्जातील अंदाजपत्रकात करावी लागते.

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे वळू. जेवण हा निवासवृत्तीतील गौण भाग नाही. सामूहिक भोजन ही पुष्कळ संस्थांत ओळखी होण्याची एकमेव जागा असते. जो आपल्या खोलीत भात शिजवून एकटा जेवतो, त्याचे पोट भरते पण ओळखी होत नाहीत. आणि जो संकोचाने न रुचणारे अन्न गिळतो, तो आठवड्याभरात आजारी पडतो. आहाराचे नियम अर्जाच्या वेळीच स्पष्ट कळविणे आणि महिन्यातून एकदा आपण होऊन सर्वांसाठी पिठले-भाकरी वा खिचडी करणे, हे दोन्ही उपाय करता येतात. रमाबाईंनी देवाणघेवाणीचे जे तत्त्व पाळले, त्याचेच हे स्वयंपाकघरातील रूप होय.

वेळेचा प्रश्न याहून अवघड आहे. शेतकरी वा नोकरदार कुटुंबातील मुलाला रिकामा दिवस पेलण्याची सवय नसते. सकाळी उठून कोणी काम सांगत नाही, सायंकाळी कोणी हजेरी घेत नाही, यातून अपराधीपणाची भावना निर्माण होते. पहिला आठवडा काहीही निर्माण न करता परिसर पाहण्यात, किराणा दुकान, दवाखाना, वाचनालय आणि बसचे थांबे हेरण्यात घालविणे मुळीच वावगे नाही. बिऱ्हाड मांडल्याशिवाय काम सुरू होत नाही, हे दर हंगामात आपल्या भागात येऊन आधी कोपी उभारणाऱ्या आणि मग उसाला कोयता लावणाऱ्या तोडणी कामगारांकडूनही शिकता येते. घराशी संपर्काबाबतही तारतम्य हवे. हिवाळ्यात बर्लिनची वेळ आपल्या मागे साडेचार तास असते. दौंडला रात्रीचे 10 वाजतात तेव्हा तेथे सायंकाळचे साडेपाच झालेले असतात. घरच्यांना फुरसत मिळते नेमकी त्या वेळी तेथील सहकारी गप्पांसाठी जमतात. रोज फोनवर घरी राहणारा विद्यार्थी परदेशात पोहोचतच नाही; आणि अजिबात न बोलणारा एकाकी पडतो. आनंदीबाई भगत यांचे स्मरण ठेवून, निदान एका व्यक्तीशी आठवड्यातून एकदा मोकळेपणाने बोलण्याचा नियम प्रत्येकाने करावा, आणि ती व्यक्ती होण्याची तयारी अध्यापकाने दाखवावी.

महाविद्यालयांची भूमिका

येथे स्वतःच्या एका चुकीची कबुली देणे आवश्यक वाटते. एका विद्यार्थ्यासाठी शिफारसपत्र लिहिण्याचा प्रसंग प्रस्तुत लेखिकेवर आला होता. विद्यार्थी वर्गात नियमित हजर असतो, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात त्याने श्रमदान केले, त्याची वर्तणूक उत्तम आहे, असे सर्व त्यात लिहिले. तो काय चितारतो, का चितारतो आणि तेच काम परदेशात जाऊन का करू इच्छितो, याविषयी एक ओळही नव्हती. त्याची निवड झाली नाही. कारण केवळ ते पत्र असेल असे नाही. परंतु निवड समितीला त्या पत्रातून एक सज्जन मुलगा दिसला, चित्रकार दिसला नाही, हे निश्चित. शिफारसपत्र हे चारित्र्याचा दाखला नसून कामाविषयीची साक्ष असते, हे आपण अध्यापकांनी शिकण्याची गरज आहे.

याखेरीज महाविद्यालयांना अल्प खर्चात तीन गोष्टी करता येतील. पहिली म्हणजे, विद्यार्थ्याच्या कामाची छायाचित्रे, माप, माध्यम व वर्ष यांच्या नोंदीसह जतन करण्याची सवय प्रथम वर्षापासून लावणे. दुसरी म्हणजे, आपल्या कामाविषयी एक पानभर मजकूर आधी मराठीत लिहून घेणे व मगच त्याचे इंग्रजी करणे. कारण थेट इंग्रजीत लिहिताना विद्यार्थी आपल्याला जे म्हणायचे आहे ते न लिहिता जे लिहिता येते तेच लिहितो. तिसरी म्हणजे, परतलेल्या विद्यार्थ्याचे सत्कारापुरते भाषण न घेता त्याच्याकडून जेवण, पैसा, भाषा आणि एकटेपणा यांविषयी सविस्तर टिपण लिहून घेऊन ते ग्रंथालयात ठेवणे. पुढच्या विद्यार्थ्याला कोणत्याही परदेशी पुस्तिकेपेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल, की निवासवृत्तीतील यश हे यजमान देशाशी एकरूप होण्यावर अवलंबून नसते. कशात बदलायचे आणि कशात बदलायचे नाही, याचा निर्णय स्वतःकडे ठेवण्यावर ते अवलंबून असते. हा निर्णय स्वतःकडे ठेवण्यासाठी अटी आधी समजून घेणे, देवाणघेवाणीचे नाते राखणे आणि एकटेपणाची लाज न बाळगणे या तीन गोष्टींची आवश्यकता आहे. गायतोंडे, तय्यब मेहता आणि चित्रे यांच्या पाठीशी महानगरातील कलावर्तुळ होते. शिरूर वा दौंडमधून निघणाऱ्या विद्यार्थ्याच्या पाठीशी ते नसते; त्याच्या पाठीशी आपण असतो.

त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. रमाबाई तेथे शाकाहारच घेत होत्या आणि त्यासाठी त्यांना यजमानांची नाराजी सोसावी लागत होती. पुढे ज्या स्त्रीने केडगावच्या माळावर दुष्काळातील शेकडो मुलींसाठी घर उभारले, तिने दुसऱ्याच्या घरात राहणे म्हणजे काय असते, हे आधी स्वतः अनुभवले होते.